‘स्नो व्हाइट’ : परीकथेतील श्रम आणि पडद्यावरील श्रम

प्रस्तावना

वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने निर्माण केलेला ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ हा अ‍ॅनिमेशनपट २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथील कार्थे सर्कल थिएटरमध्ये प्रथम दाखविण्यात आला व फेब्रुवारी १९३८ मध्ये अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झाला. मराठी बालवाचकांना ही कथा ‘हिमगौरी आणि सात बुटके’ या नावाने परिचित आहे. जगातील पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट असा या चित्रपटाचा उल्लेख वारंवार केला जातो. परंतु तो काटेकोर नाही. अर्जेंटिनातील क्विरिनो क्रिस्तियानी यांचा ‘एल आपोस्तोल’ १९१७ मध्ये, तर जर्मनीतील लोटे रायनिगर यांचा छायाकृतींचा ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद’ १९२६ मध्ये तयार झाला होता. सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर रेखाटने करून तयार केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, एवढेच ‘स्नो व्हाइट’विषयी निश्चितपणे म्हणता येते. त्याचे ऐतिहासिक महत्त्व त्यामुळे उणावत नाही.

या चित्रपटावरील समीक्षा मुख्यतः दोन दिशांनी झालेली आहे. पहिली दिशा तंत्रविषयक असून तीत रंग, संगीत, चित्रचौकटीची खोली व व्यक्तिरेखांचा अभिनय यांचे कौतुक आढळते. दुसरी दिशा वैचारिक असून तीत निष्क्रिय नायिका, दुष्ट सत्ताधारी स्त्री आणि तारणहार राजपुत्र या साच्यावर टीका केलेली असते. दोन्ही दिशांचे कार्य मोलाचे आहे. मात्र एकीच्या निष्कर्षांचा दुसरीशी संबंध क्वचितच जोडला जातो. तंत्राचे अभ्यासक आशयाला गौण मानतात, तर आशयाचे अभ्यासक तंत्राला आवरण समजतात. प्रस्तुत लेखात ‘श्रम’ ही संकल्पना मध्यवर्ती मानून या दोहोंना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला आहे. या चित्रपटात काम कोण करते, ते कसे दाखविले जाते, कोणते काम दाखविलेच जात नाही आणि खुद्द चित्रपट घडविणाऱ्यांच्या कामाचे काय होते, या प्रश्नांची उत्तरे परस्परांशी निगडित आहेत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

मूळ कथा आणि तिची रूपे

जेकब व विल्हेल्म ग्रिम या बंधूंच्या कथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही कथा त्रेपन्नाव्या क्रमांकावर आहे. पुढील आवृत्त्यांत, विशेषतः विल्हेल्म यांच्या हातून, तिच्यावर अनेक संस्कार झाले आणि १८५७ च्या अखेरच्या आवृत्तीतील पाठ जगभर रूढ झाला. १८१२ च्या पाठात मुलीचा मत्सर करणारी राणी ही तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीपासून ती सावत्र आई झाली. मातृत्वाची प्रतिमा अबाधित राखण्याच्या हेतूने हा बदल झाला, असे अभ्यासक मानतात. म्हणजेच कथेला समाजमान्य वळण देण्याची प्रक्रिया डिस्ने यांच्यापूर्वी सव्वाशे वर्षे सुरू झालेली होती. त्यामुळे निरागस लोककथा आणि तिला भ्रष्ट करणारा चित्रपट अशी सरळ मांडणी करता येत नाही.

तरीही चित्रपटाने केलेले बदल एका विशिष्ट दिशेने जातात. ग्रिम कथेत राणी नायिकेला मारण्याचा प्रयत्न तीन वेळा करते : प्रथम कमरबंदाच्या नाडीने, नंतर विषारी कंगव्याने आणि शेवटी सफरचंदाने. चित्रपटात केवळ सफरचंद उरते. कथेतील नायिका सात वर्षांची असताना तिचे संकट सुरू होते. चित्रपटात ती विवाहयोग्य तरुणी आहे. शिकाऱ्याने पुरावा म्हणून आणावयाची फुप्फुसे व यकृत यांच्या जागी चित्रपटात पेटीतील हृदय येते. राणीला लग्नसमारंभात तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते, ही कथेतील शिक्षा चित्रपटात नाही. तेथे राणी कड्यावर असताना वीज कोसळते व ती दरीत पडते. तिच्या मृत्यूची जबाबदारी निसर्गावर टाकून नायिकेचे आणि बुटक्यांचे हात स्वच्छ ठेवलेले आहेत.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल नायिकेच्या पुनरुज्जीवनाचा आहे. ग्रिम कथेत राजपुत्राच्या चुंबनाचा प्रसंग नाही. १८१२ च्या पाठात राजपुत्र काचेची शवपेटी आपल्या वाड्यात ठेवतो आणि ती सतत जवळ असावी म्हणून सेवकांना ती खोलीखोलीतून वाहून न्यावी लागते. एका मृत मुलीपायी दिवसभर हाल सोसावे लागतात, या रागाने एक सेवक तिच्या पाठीत धक्का मारतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. पुढील पाठात हा राग सौम्य झाला. शवपेटी वाहणारे सेवक झुडपाला अडखळतात व त्या हिसक्याने तुकडा निघतो. दोन्ही पाठांत नायिका जागी होते ती ओझे वाहणाऱ्यांच्या देहामुळे. चित्रपटाने येथे ‘निद्रिस्त सुंदरी’च्या कथेतील चुंबन आणले. सेवक गेले, त्यांचे ओझे गेले आणि त्यांचा वैतागही गेला. त्यांच्या जागी प्रेम आले. संपूर्ण चित्रपटाच्या रचनेत जे घडते, त्याचे हे एक संक्षिप्त उदाहरण होय.

घरकाम : करार, भाडे आणि गाणे

ग्रिम कथेतील बुटक्यांचे घर लहान, नीटनेटके व स्वच्छ आहे. नायिका तेथे पोहोचते, थोडेथोडे खाते आणि झोपी जाते. दुसऱ्या दिवशी बुटके तिच्यापुढे अट ठेवतात : स्वयंपाक, अंथरुणे घालणे, धुणे, शिवण, विणकाम आणि घराची टापटीप तिने सांभाळावी, मग तिला काही कमी पडणार नाही. ही अट आजच्या वाचकाला खटकेल. परंतु ती स्पष्ट आहे. निवारा आणि काम यांची देवाणघेवाण येथे उघडपणे ठरते.

चित्रपटात हे घर कमालीचे अस्वच्छ आहे. धूळ, कोळ्यांची जाळी आणि खरकट्या भांड्यांचा ढीग पाहून नायिकेला वाटते की येथे आई नसलेली सात मुले राहत असावीत. मग ती वनातील प्राण्यांच्या मदतीने घर झाडूनपुसून काढते. येथे अनेक समीक्षकांनी असा निष्कर्ष काढला आहे की, चित्रपटाने घरकाम ही स्त्रीची उपजत प्रवृत्ती ठरविली. तो निष्कर्ष अंशतःच बरोबर आहे. कामाला हात घालण्यापूर्वी नायिका प्राण्यांजवळ बोलून दाखविते की, घर स्वच्छ केलेले पाहून कदाचित ते लोक आपल्याला राहू देतील. पुढे बुटक्यांनी तिला पाहिल्यावर धुणे, शिवण, केरवारे आणि स्वयंपाक करण्याचा प्रस्ताव तीच मांडते. म्हणजे करार नाहीसा झालेला नाही; त्याची बाजू बदललेली आहे. कथेत मालक अट घालतात, चित्रपटात आश्रित स्वतःहून मोबदला देऊ करते, तोही आगाऊ. जिवाच्या भीतीने पळालेल्या मुलीजवळ देण्यासारखे दुसरे काही नाही, ही जाणीव चित्रपटात क्षणभर डोकावते आणि गाण्यात विरून जाते.

याच संदर्भात आरंभीच्या प्रसंगाकडे पाहावे लागते. ठिगळांचे कपडे घातलेली राजकन्या राजवाड्याच्या पायऱ्या घासत आहे, असे तिचे पहिले दर्शन घडते. ग्रिमच्या स्नो व्हाइट कथेत हा तपशील नाही. तो सिंड्रेलाच्या कथेशी जुळणारा आहे. राणीने तिला मोलकरीण केले, हा तिच्यावरील अन्याय होय. पुढे काही मिनिटांतच तीच मुलगी तेच काम बुटक्यांच्या घरी करते आणि ते तिच्या सद्गुणाचे लक्षण ठरते. कामाचे स्वरूप दोन्हीकडे सारखे आहे. फरक पडतो तो वातावरणाने : खारी शेपटीने झाडतात, रॅकून ओढ्यावर कपडे घासतात, पक्षी मदतीला येतात आणि संगीताच्या ठेक्यावर सारे घर लखलखू लागते. श्रम आणि अन्याय यांचा राजवाड्यात दाखविलेला संबंध झोपडीत तुटतो, आणि तो तोडण्याचे साधन म्हणजे अ‍ॅनिमेशनचे कौशल्य होय. फ्रँक चर्चिल यांच्या चालीवर हालणाऱ्या आकृतींना वजन असते, पण थकवा नसतो.

या दृश्यातील एक बारकावा मात्र चित्रपटाच्या बाजूने नोंदविला पाहिजे. खारी कचरा सतरंजीखाली लोटतात आणि काही प्राणी ताटे चाटून स्वच्छ करू पाहतात, तेव्हा नायिका त्यांना दटावते. काम नीट करण्याचे एक शास्त्र असते आणि ते तिला अवगत आहे, हे या विनोदातून सूचित होते. पुढे हात धुतल्याशिवाय जेवण नाही, असे बुटक्यांना बजावतानाही तिच्या शब्दाला अधिकार प्राप्त झालेला दिसतो. ती केवळ निष्क्रिय आहे, हा आक्षेप म्हणूनच अपुरा वाटतो. तिच्याजवळ अधिकार आहे; परंतु तो स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंतच चालतो.

आणि संकटही त्याच उंबरठ्यावर येते. वृद्धेचे रूप घेतलेली राणी खिडकीशी पोहोचते, तेव्हा नायिका ग्रंपीसाठी पाय तयार करीत असते. पुरुषांच्या तोंडाला पाणी सुटते ते सफरचंदाच्या पायने, असे सांगून वृद्धा संभाषण सुरू करते. ग्रिम कथेत कमरबंदाची नाडी व कंगवा या शृंगाराच्या वस्तूंतून मृत्यू दोनदा येतो. चित्रपटाने ती दोन्ही आमिषे वगळून नायिकेला तिच्या कर्तव्यबुद्धीच्या मार्गाने गाठले आहे. जे काम तिला आश्रय मिळवून देते, त्याच कामाच्या निमित्ताने विष घरात शिरते. चित्रपटाने हा अंतर्विरोध कितपत जाणीवपूर्वक योजला हा प्रश्न वेगळा. तो दृश्यात आहे, हे नाकारता येत नाही.

खाण, हिरे आणि मंदीचा काळ

बुटक्यांचे श्रम हा दुसरा पदर होय. ग्रिम कथेतील बुटके डोंगरात धातू शोधतात. चित्रपटात त्यांच्या खाणीत तयार पैलूंचे, चमकणारे हिरे विखुरलेले आहेत. कुदळ मारताच रत्न निघते. धूळ, अंधार, गुदमर, अपघात यांपैकी काहीही या खाणीत नाही. घड्याळात पाचचे ठोके पडतात आणि सर्वजण रांगेने गात घरी निघतात. हे गाणे जगभर लोकप्रिय झाले. त्याच्या आधीच्या, खोदकामाच्या गाण्यात मात्र एक विलक्षण कबुली आहे : हे सारे कशासाठी खणतो ते आपल्याला ठाऊक नाही, असे बुटके स्वतःच सांगतात. रत्ने कोठारात टाकली जातात, दाराला कुलूप लावले जाते आणि किल्ली दाराशेजारच्याच खुंटीवर टांगली जाते. या संपत्तीचा कोणी मालक नाही, ग्राहक नाही, तिला चोरही नाही. तिच्यामुळे बुटक्यांच्या घरात कोणतीही समृद्धी आलेली दिसत नाही.

चित्रपट तयार होत असताना अमेरिका आर्थिक महामंदीतून जात होती. १९३३ मध्ये तेथील सुमारे एक चतुर्थांश श्रमशक्ती बेकार होती आणि काहीशी सुधारणा झाल्यावर १९३७ मध्ये अर्थव्यवस्था पुन्हा घसरली. परीकथांचे अभ्यासक जॅक झाइप्स यांनी बुटक्यांचा संबंध या काळातील कष्टाळू अमेरिकन कामगाराच्या प्रतिमेशी जोडला आहे. त्यांचे विवेचन पुढे नेऊन असे म्हणता येईल की, काम मिळणेच दुरापास्त झालेल्या समाजाला या चित्रपटाने मोबदल्याच्या प्रश्नापासून मुक्त अशा कामाचे स्वप्न दाखविले. वेळेवर सुरू होणारे, वेळेवर संपणारे, सोबत्यांसह करावयाचे काम हेच येथे सुख आहे. या स्वप्नाला पलायनवाद म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु बेकारीने माणसाकडून काय हिरावून घेतले होते, याचीही नोंद त्यात सापडते. वेतनाबरोबर दिवसाची शिस्त, सोबत आणि संध्याकाळी घरी परतण्याचा आनंदही हिरावला गेला होता.

बुटक्यांना स्वतंत्र नावे व स्वभाव देण्याच्या निर्णयावर ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ मधील आपल्या ग्रंथात आक्षेप घेतला. त्यांच्या मते बुटके हे वाढ खुंटलेल्या, व्यक्तित्वपूर्व अवस्थेचे प्रतीक होत. त्यांना व्यक्तिमत्त्वे दिल्याने कथेचा अबोध अर्थ बिघडतो. मनोविश्लेषणाच्या चौकटीत हा आक्षेप सुसंगत आहे. तथापि चित्रपट म्हणून पाहता नेमकी उलट गोष्ट खरी ठरते. डॉक, ग्रंपी, हॅपी, स्लीपी, बॅशफुल, स्नीझी आणि डोपी यांच्या वेगळेपणामुळेच चित्रपटाला मानवी खोली लाभली. विशेषतः ग्रंपी ही संपूर्ण चित्रपटातील एकमेव बदलणारी व्यक्तिरेखा होय. बिल टायटला यांनी रेखाटलेल्या प्रसंगात नायिकेने कपाळाचे चुंबन घेतल्यावर तो रागाने निघतो, काही पावलांत त्याचा चेहरा विरघळतो, आणि आपले विरघळणे कोणी पाहू नये म्हणून तो पुन्हा कठोर होऊ पाहतो. पुढे फ्रँक थॉमस यांनी रेखाटलेल्या शोकदृश्यात हेच बुटके जवळजवळ निश्चल राहून रडतात. हास्यचित्राच्या आकृतींसाठी प्रेक्षकांनी अश्रू ढाळावेत, हे त्यापूर्वी कोणी फारसे शक्य मानले नव्हते.

येथे वगळलेल्या दोन दृश्यांचा उल्लेख आवश्यक आहे. बुटके सूप पितात तो प्रसंग आणि ते नायिकेसाठी पलंग तयार करतात तो प्रसंग, ही दोन्ही दृश्ये बऱ्याच पुढच्या टप्प्यापर्यंत तयार होऊनही अंतिम चित्रपटातून काढण्यात आली. कथानकाची गती राखण्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, नायिका जिवंत असताना बुटक्यांनी तिच्यासाठी हाताने काही घडविले, असे दृश्य चित्रपटात उरले नाही. ती गेल्यावर मात्र ते काच आणि सोने यांची शवपेटी घडवितात. तेही पडद्यावरील निवेदनाच्या ओळींतूनच कळते.

राणीचे ज्ञान

या चित्रपटात श्रम करणारी आणखी एक व्यक्ती आहे, ती म्हणजे राणी. तिच्या कामात गाणे नाही आणि मदतनीसही नाही. ती तळघरात उतरते, किमया, जादू, वेषांतर व विष यांवरील ग्रंथांच्या रांगेतून हवा तो ग्रंथ काढते, कृती वाचते, घटकांचे प्रमाण पाहते आणि त्याचा प्रयोग प्रथम स्वतःच्या देहावर करते. तिचे हात म्हातारे होतात, आवाज फाटतो, पाठ वाकते. चित्रपटात श्रमाची किंमत देहाने मोजणारी ही एकमेव व्यक्तिरेखा होय. ग्रंथ उघडून ज्ञान मिळविणारी व्यक्तीही तीच. राणी आणि वृद्धा या दोहोंना ल्युसिल ला व्हर्न या अभिनेत्रीने आवाज दिला. आर्ट बॅबिट यांनी राणी रेखाटली, तर नॉर्म फर्ग्युसन यांनी वृद्धा.

सँड्रा गिल्बर्ट व सुसान गुबार यांनी १९७९ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ग्रिम कथेतील आरशाचा आवाज हा पितृसत्ताक न्यायनिवाड्याचा आवाज असल्याचे प्रतिपादन केले होते. कथेत राजा पुनर्विवाहानंतर जवळजवळ नाहीसा होतो, पण त्याची दृष्टी आरशात उरते, असे त्यांचे म्हणणे. चित्रपटात राजाचे पात्रच नाही आणि आरशात मुखवट्यासारखा पुरुषी चेहरा पुरुषी आवाजात बोलतो. समीक्षकांनी अन्वयार्थ म्हणून मांडलेली गोष्ट चित्रपटाने त्याआधी चाळीस वर्षे दृश्यरूपात आणलेली होती. राणीजवळ राज्य, विद्या आणि साहस असूनही तिच्या मूल्याचा निर्णय त्या चेहऱ्याच्या हाती आहे. म्हणून आपले सौंदर्य टिकविण्यासाठी तिला आपले सौंदर्यच टाकून द्यावे लागते, हा तिच्या प्रयोगातील दारुण उपरोध होय. चित्रपट तिच्याबद्दल सहानुभूती दाखवीत नाही. तहानेने मेलेल्या कैद्याच्या सांगाड्याची थट्टा करणारी ही राणी क्रूर आहे, हे विसरता कामा नये. परंतु शिकणे, प्रयोग करणे आणि स्वतःत बदल घडविणे या क्षमता केवळ तिच्यातच दाखविल्याने, त्या क्षमताच संशयास्पद ठरतात.

पडद्यामागील हात

आता पडद्यावरील श्रमांकडून पडद्यामागील श्रमांकडे वळणे क्रमप्राप्त आहे. त्र्याऐंशी मिनिटांचा चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटी या गतीने धरला, तर जवळजवळ एक लाख वीस हजार चौकटी होतात. एकाच चौकटीत अनेकदा एकाहून अधिक सेल लागत. सेलमागील देखाव्यांना खोली आणण्यासाठी काचेच्या अनेक थरांतून वरून चित्रण करणारा बहुस्तरीय कॅमेरा वापरण्यात आला. स्टुडिओने तो प्रथम १९३७ मधील ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात वापरला होता. या तत्त्वाचा उपयोग रायनिगर यांनी त्यापूर्वीच केला होता. या सर्वांसाठी सुमारे पंधरा लाख डॉलर खर्च झाले. चित्रसृष्टीत ज्याला ‘डिस्नेचा वेडेपणा’ म्हटले गेले, तो प्रकल्प अफाट यशस्वी झाला आणि १९३९ मध्ये डिस्ने यांना एक मोठी व सात छोट्या प्रतिमा असलेला विशेष अकादमी पुरस्कार देण्यात आला.

अ‍ॅनिमेटरांनी कागदावर काढलेली प्रत्येक आकृती सेलवर शाईने गिरविणे आणि मागील बाजूने रंगविणे हे काम ज्या विभागात चाले, त्यात जवळजवळ सर्व स्त्रिया होत्या. रेषेची जाडी किंचित बदलली तरी पडद्यावर आकृती थरथरते. म्हणून हे काम अत्यंत कुशल हातांचे होते. नायिकेच्या गालांवरील हलकी लालीसुद्धा याच विभागात हाताने चढविली जाई. असे असूनही सर्जनशील कामात स्त्रियांना स्थान नाही, असे स्टुडिओचे त्या काळातील धोरण होते, आणि १९३८ मध्ये एका इच्छुक तरुणीला पाठविलेल्या उत्तरात ते स्पष्ट शब्दांत लिहिलेले आढळते. शाई व रंग विभागातील स्त्रियांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाहीत. नायिकेला आवाज देणाऱ्या अ‍ॅड्रियाना कासेलोटी यांचे अथवा इतर आवाजकलावंतांचे नावही तेथे नाही. नायिकेच्या हालचालींसाठी प्रत्यक्ष अभिनय करणाऱ्या तरुण नर्तकी मार्ज बेल्चर यांचाही उल्लेख नाही. आरंभी डिस्ने यांच्या सहीने कर्मचाऱ्यांच्या निष्ठेबद्दल व सर्जनशील परिश्रमांबद्दल आभार मात्र मानलेले आहेत.

चित्रपटाच्या यशातून बरबँक येथे नवा स्टुडिओ उभा राहिला. २९ मे १९४१ रोजी त्याच स्टुडिओच्या दारात कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. वेतनातील विषमता, नामश्रेय आणि संघटनेची मान्यता हे त्यातील प्रमुख प्रश्न होते. संघटनेच्या कार्यामुळे कामावरून कमी केलेले व संपाचे नेतृत्व करणारे आर्ट बॅबिट हे राणीचे रेखाटनकार होते; ग्रंपीच्या चेहऱ्यावर संकोच आणणारे बिल टायटला हेही संपात सामील झाले. अखेर स्टुडिओला संघटना मान्य करावी लागली. चार वर्षांपूर्वी पडद्यावर गात कामाला जाणारे बुटके आणि १९४१ मध्ये फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिलेले त्यांचे निर्माते, ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय या कलाकृतीचा अर्थ पूर्ण होत नाही.

अर्थात, संपाच्या आधारे चित्रपटाला दोषी ठरविणे हा येथील हेतू नाही. कोणतीही परिपूर्ण कलाकृती आपल्यामागील कष्ट लपवितेच. नर्तकीचा श्वास लागलेला दिसू नये, हीच नृत्याची अपेक्षा असते. परंतु ‘स्नो व्हाइट’चा विषयच मुळी काम हा आहे. म्हणून येथे तंत्राचा गुण आशयात उतरतो. ज्या कौशल्याने एक लाख वीस हजार चौकटींतील कष्ट पुसले, त्याच कौशल्याने झाडूचे आणि कुदळीचेही कष्ट पुसले. पडद्यावरील घरकाम आनंदाचे वाटते, कारण ते रंगविणाऱ्या स्त्रियांची मेहनत रेषेच्या सफाईत लुप्त झालेली आहे. तंत्राचे कौतुक करणारी समीक्षा आणि आशयावर टीका करणारी समीक्षा एकाच गोष्टीच्या दोन बाजूंविषयी बोलत असतात, ते या अर्थाने.

समारोप

चित्रपटाच्या शेवटी नायिका बुटक्यांचा निरोप घेऊन राजपुत्राच्या घोड्यावर बसते आणि दूर आकाशात सोनेरी प्रासाद दिसतो. तिच्या कामाचे फळ म्हणून हा प्रासाद मिळत नाही. विहिरीकाठी केलेल्या इच्छेचे ते फळ आहे. श्रमाचे एवढे गोडवे गाणारा चित्रपट मुक्तीच्या क्षणी श्रमाला मागे, झोपडीत ठेवून जातो. बुटके हात हलवीत राहतात. त्या संध्याकाळी त्यांचे घर कोण झाडणार, हा प्रश्न परीकथेत विचारावयाचा नसतो. समीक्षेने मात्र तो विचारला पाहिजे.

मार्च २०२५ मध्ये याच स्टुडिओने या कथेचा सजीव अभिनयाचा नवा चित्रपट प्रदर्शित केला. नायिकेच्या कर्तृत्वाविषयी व बुटक्यांच्या चित्रणाविषयी त्यानिमित्ताने बराच वाद झाला. नायिकेला नेतृत्वगुण दिले की जुना दोष दूर होतो, असे गृहीतक अशा पुनर्निर्मितींमागे असते. उपरोक्त विवेचनावरून ते गृहीतक अपुरे असल्याचे दिसून येते. जुन्या चित्रपटातील मूळ प्रश्न नायिका धीट आहे की भित्री हा नव्हता. कोणाचे काम गाण्यायोग्य, कोणाचे काम भीतिदायक आणि कोणाचे काम अनुल्लेखनीय मानले गेले, हा होता.

चित्रपटाचे कलात्मक मोल या प्रश्नाने कमी होत नाही. ग्रंपीचे विरघळणे, वनातून पळताना झाडांना फुटणारे हात आणि अंधारातील डोळे अखेर भेदरलेल्या प्राण्यांचे निघणे, शवपेटीभोवतीचे मौन ही दृश्ये आजही तितकीच प्रभावी आहेत. ती घडविणाऱ्या हातांची नावे शोधणे, त्यांच्या कामाचे स्वरूप समजून घेणे आणि मग तीच दृश्ये पुन्हा पाहणे, ही या कलाकृतीला न्याय देण्याची अधिक योग्य रीत होय. वर्गात हा चित्रपट दाखविताना नायिकेने घर झाडण्याच्या प्रसंगानंतर ग्रिम कथेतील शवपेटी वाहणाऱ्या त्या वैतागलेल्या सेवकाचा परिच्छेद वाचून दाखविला, तर विद्यार्थ्यांना या फरकाचे मर्म निराळे सांगावे लागणार नाही.